आमची वाटचाल : ड्रमपासून डिस्कपर्यंत

आमच्या गाळ्यात गाडी घेऊन येणारा माणूस निदान घरूनच करून येतो. "डिस्क वाकल्यात, फेसिंग मारून द्या." डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती, आणि फेसिंग म्हणजे लेथवर तिचं तोंड घासून सपाट करणं. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं, एवढं त्याचं खरं असतं. बाकीचं मापून बघावं लागतं, आणि हे मापून बघणं आमच्या अंगात भिनायला बरीच वर्षं गेली.

काम कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. वडिलांनी जुनी लेथ घेऊन सुरुवात केली ती ड्रमवर, म्हणजे ब्रेकच्या चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी डब्यावर. अँबॅसिडर, जीप, ऊसवाहतुकीचे ट्रक, सगळीकडे ड्रमच. आत कड पडली की ड्रम लेथच्या चकात (पकडीत) धरायचा, दोन कट मारायचे, संध्याकाळी गाडी रस्त्यावर. ओतकाम गावातलं, टर्निंग गावातलं; लोखंड आहे, घासलं की सरळ होतं, असा त्यांचा सरळ हिशेब. पुढं डिस्कवाल्या मोटारी वाढल्या आणि तोच हिशेब आम्ही डिस्कला लावला. तिथं फसलो.

तळकोकणात नोकरीला असलेले एक मास्तर दर आठवड्याला करूळ घाटातून वर यायचे. थरथरीची तक्रार घेऊन आले, आम्ही फेसिंग मारून दिलं. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. चार महिन्यांनी तीच तक्रार, परत फेसिंग. वर्षभरात तीन वेळा. तिसऱ्या खेपेनंतर घाट उतरताना पेडल नरम पडलं. गाडी कडेला लावून तासभर थांबले म्हणून निभावलं. मास्तर भांडायला आले नाहीत. डिस्क उतरवून आणली, टेबलावर ठेवली आणि त्यावर उमटवलेला आकडा मला वाचायला लावला. किमान जाडी 20 मिलिमीटर. आमच्या मायक्रोमीटरवर ती 19.1 भरली. नवी असताना 22 असणार. म्हणजे उरलेलं लोखंड आम्हीच पैसे घेऊन सोलून काढलं होतं. डिस्क पातळ झाली की उष्णता साठवायला जागा उरत नाही, ती कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या ब्रेकच्या भागातल्या, ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं. दोन्ही नव्या डिस्क आम्ही पदरच्या पैशानं बसवल्या. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

पण प्रश्न उरलाच होता: दर चार महिन्यांनी थरथर का यायची? उत्तर डिस्कमध्ये नव्हतंच. डिस्क ज्यावर बसते त्या हबच्या तोंडावर गंज धरला होता. गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला नवल वाटणार नाही. गंजाचा पापुद्रा मधे आला की लेथवर आरशासारखी केलेली डिस्कसुद्धा गाडीवर तिरकी बसते. मग ब्रेक न दाबताही प्रत्येक फेऱ्याला ती एकाच जागी पॅडला (डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या ब्रेकच्या पट्टीला) चाटून जाते आणि तिथंच झिजते. काही हजार किलोमीटर झाले की जाडीत मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा फरक पडतो, आणि तेवढाच पायाला जाणवतो. लोक त्याला 'वाकली' म्हणतात. खरोखर वाकलेली डिस्क मी फार कमी बघितलीय.

त्यानंतर आम्ही चुंबकी स्टँडचा डायल घेतला, फिरताना डिस्क किती डगमगते ते काट्यावर दाखवणारा. आता डिस्क गाडीवर असतानाच नट आवळून डायल लावतो आणि हातानं फिरवतो. काटा 0.05 मिलिमीटरच्या आसपास राहिला तर ठीक. जास्त हलला तर आधी हब घासून साफ, मग डिस्क एक-दोन भोकं फिरवून बसवायची आणि परत बघायचं. कधीकधी एवढ्यावरच काटा जागेवर येतो. मग आमची मजुरी डायलची. लेथ फिरतच नाही.

मापात जाडी भरपूर असेल, तरच कट. दोन्ही बाजूंनी, दोन्ही चाकांच्या डिस्कना, पोटापुरता म्हणजे एकेका बाजूला 0.1 ते 0.15 मिलिमीटर. शेवटी गोल फिरवत पॉलिश पेपर, मग धुणं, कारण लोखंडाची भुकटी नव्या पॅडमध्ये रुतली की आवाज आलाच. निळसर डाग असतील तर मात्र मी लेथ चालू करत नाही. उष्णतेनं त्या जागी लोखंडाची घडणच बदलून ते कडक झालेलं असतं. लेथची बिट (कापणारं हत्यार) तिथं घसरते, आणि आज सपाट केलं तरी भोवतालचं झिजून महिनाभरात तो डाग परत वर येतो. अशी डिस्क भंगारात.

चाकाचे नट आवळण्याबद्दल एक बोलतोच, राहवत नाही. पंक्चरवाल्यानं हवेच्या गननं ठोकलेले नट मी टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, तपासतो. एक कच्चा, एक दुप्पट आवळलेला. हब आणि डिस्क त्या ताणानं तिरकी होतात आणि बोल आम्हाला लागतो.

फेसिंगचं काम आता निम्म्यावर आलंय, हे कबूल करायला हवं. छोट्या गाड्यांच्या डिस्क पूर्वीच्या मानानं स्वस्त झाल्यात. उतरवणं, टर्निंग, बसवणं अशी मजुरी धरली तर बऱ्याचदा नवी जोडीच परवडते. मोठ्या गाड्यांच्या महागड्या डिस्कना लेथ अजून लागते. ट्रकचे ड्रम तर येतातच, वडिलांच्या त्याच लेथवर.

गेल्या आठवड्यात एक जण आला. डिस्क 20.3, किमान 20. घासली तर बरोबर काठावर. गणपतीला सहा माणसं घेऊन कोकणात उतरायचं होतं त्याला. मी नवी जोडी सांगितली. "तुमची लेथ काय शोभेला ठेवलीय का?" म्हणाला आणि गेला. मागच्या गल्लीत फेसिंग मारून घेतल्याचं दुसऱ्या दिवशी आमच्याच पोरानं सांगितलं.