‘नौदल’ या एका शब्दापायी अडकलेली सहल

आमच्या शाळेची सहल गोव्यातलं नौदलाच्या विमानांचं संग्रहालय बघून आली त्याला आता दोन महिने होतील. मुलांच्या वह्यांच्या मागच्या पानांवर अजून विमानं निघतायत, आणि माझ्या डोळ्यांसमोर अजून ते टेबल येतं. सहलीच्या परवानगीसाठी सांगलीतल्या ज्या कार्यालयात खेपा घातल्या तिथलं, खिडकीकडून तिसरं. लिहून काढल्याशिवाय ते डोक्यातनं जायचं नाही. दुसऱ्या एखाद्या शाळेचे चार हेलपाटे वाचले तर बरंच आहे, म्हणूनही लिहिते.

मी जिल्ह्याच्या पूर्व भागात, कवठेमहांकाळच्या पलीकडे, एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गती आणि बल शिकवताना आमच्या नववीतल्या एका मुलीच्या आजोबांना वर्गात बोलावलं होतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. नौदलात ते पाणबुड्या शोधणाऱ्या अलीझे विमानांचे मेकॅनिक होते. १९७१ च्या युद्धात वीस वर्षांचे आबा विक्रांत या विमानवाहू जहाजावर होते. ४ डिसेंबरला विक्रांतवरनं सी हॉक ही लढाऊ विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार, चितगाववर तुटून पडली, तो दिवस त्यांनी मुलांना सांगितला. मग फळ्यावर जहाजाचा डेक काढला, त्यावर आडव्या तारा काढल्या आणि उतरणारं विमान थांबवायला त्याच्या शेपटीखालचा हुक त्या तारेत कसा अडकतो ते दाखवलं. एका पोरानं विचारलं, “आबा, हुक अडकलाच नाही तर?” आबा म्हणाले, “म्हणून सी हॉकचा पायलट चाकं टेकली की वेग कमी करत नाही, उलट पुरा जोर देतो. नाही अडकला तर परत उडायचं. तेवढा जोर नसला तर पुढं समुद्रच.”

वर्ग गप्प झाला. यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच दिवशी मी ठरवलं की यंदाची सहल गोव्याला न्यायची, बोगमाळोला, नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे तिथं. आबा म्हणाले, मी पण येतो. त्यांची अलीझे तिथं उभी आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण नोकरी सुटल्यापासून जाणं झालं नव्हतं.

एसटी शाळेच्या सहलीला सवलतीत गाडी देते, तिचं पत्र आगारातनं एका दिवसात मिळालं. पालकांची संमतीपत्रं आली, पैसे जमले, ४१ मुलांची यादी झाली. १२ डिसेंबर ही तारीख धरून २४ नोव्हेंबरला मी प्रस्ताव घेऊन सांगलीला गेले. परराज्यातली सहल, म्हणून परवानगी वरून लागणार होती. त्यात काही वावगं नाही. मुलांची जबाबदारी आहे, तपासलंच पाहिजे.

टेबलावरच्या साहेबांनी पेनाचं टोक ओळीवर ठेवून एकेक ठिकाण वाचलं. मंगेशी, ठीक. जुनं गोवं, ठीक. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं.

“मॅडम, इथं नौदल लिहिलंय.”

“हो, संग्रहालय आहे त्यांचं.”

“म्हणजे डिफेन्स झालं. त्यांची परवानगी जोडा.”

मी सांगितलं की ते तळाच्या आत नाही, बोगमाळोच्या रस्त्याला आहे, कुणीही तिकीट काढून बघतं. ते म्हणाले, “तसं लेखी आहे का तुमच्याकडं?” नव्हतं. त्यांनी लाल पेनानं समासात शेरा मारला: संरक्षण विभागाची नाहरकत जोडून फेरसादर करावे. प्रस्ताव माझ्या हातात परत आला. आवक नंबरसुद्धा पडला नाही. ही माझी पहिली चूक. कागद परत घेऊ नका. आधी आवक करून घ्या, शिक्का मारलेली पोच घ्या, मग त्रुटी काय ती लेखी कळवा म्हणावं. पोच नसेल तर तुम्ही तिथं गेलाच नव्हता असं होतं.

दुसऱ्यांदा गेले ते संग्रहालयाच्या माहितीचे कागद छापून. आमच्या गावाहून सांगली म्हणजे दीड तास, दुसरा तास संपवून निघायचं, अर्धी रजा टाकायची. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत होते. अडीचपर्यंत बाकावर बसले. शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते, पेन्शनच्या कागदासाठी सहाव्यांदा आलेले. त्यांनी मला डब्यातली अर्धी भाकरी दिली. अडीचला माझे कागद बघून साहेब म्हणाले, “इंटरनेटवरचं चालत नाही. सही-शिक्का कुठाय?”

मला राग आला आणि तो मी गिळला. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. त्यांना ते ठिकाण धोक्याचं वाटत होतं असं नव्हे. मुलांना तिथं काय होईल, असा एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. गाडी कुठल्या घाटानं जाणार, मुली किती, बाई शिक्षिका किती, मुक्काम कुठं, यातलं काहीच नाही. त्या एका शब्दावर आपली सही नको, एवढंच होतं.

मुख्याध्यापक सर समजूतदार आहेत. ते म्हणाले, “मॅडम, ते नावच काढून टाका. देवळं आणि बीच लिहा, मंजुरी घ्या, वाटेत थांबा.” बऱ्याच शाळा असं करतात हे मला माहीत आहे. मी नाही म्हणाले. ४१ मुलं घेऊन कागदावर नसलेल्या ठिकाणी मी थांबणार नाही. एखादं पोर पायरीवरून पडलं, तर पहिला प्रश्न हाच येतो की तुम्ही तिथं का होता. आणि जे दाखवायला चाललो तेच लपवून न्यायचं, हे मला पटत नव्हतं. माझा हट्ट म्हणा, पण त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते. १२ डिसेंबर उलटून गेला. एसटीची तारीख बदलून घेतली. मुलं रोज विचारायची, “मॅडम, झालं का?” आबांनी सहलीसाठी नवे बूट घेतले होते, ते घालून ते एकदा शाळेत येऊन गेले. तोवर मिरजेच्या दवाखान्यातनं त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली. डिसेंबरात सहल गेली असती तर आबा आले असते. मला त्या टेबलाचा राग आहे तो ह्यासाठी. माझे हेलपाटे मी विसरले असते.

मार्ग निघाला तो आमच्या मराठीच्या बाईंच्या सुनेच्या पर्समधनं. दिवाळीनंतर लेक-सून गोव्याला जाऊन आले होते. सहज बोलता बोलता बाई म्हणाल्या, “अगं, ते विमानांचं बघितलंय की आमच्या सूनबाईंनी.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तिकीट आणून दिलं. चार घड्या पडलेलं, एका कोपऱ्याला कुंकवाचा डाग. मी ते कोऱ्या कागदावर डिंकानं चिकटवलं आणि खाली लिहिलं: “सदर ठिकाणी सर्वसामान्य नागरिकांना तिकीट काढून प्रवेश दिला जातो. पुराव्यादाखल प्रवेश तिकीट सोबत जोडले आहे.” सही केली, शाळेचा शिक्का मारला.

२ जानेवारीला गेले ती थेट अधीक्षकांकडे. त्यांनी तिकीट बघितलं, यादी बघितली, सोबत बाई शिक्षिका किती ते विचारलं, आंबोलीचा घाट रात्री उतरू नका म्हणाले. मग विचारलं, “अडलं कुठं होतं?” मी लाल शेरा दाखवला. त्यांनी तो वाचला, काही बोलले नाहीत, आणि सही केली. चार मिनिटं लागली असतील. २४ नोव्हेंबरपासून ३९ दिवस झाले होते. बाहेर येऊन कडेच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा माझे हात थरथरत होते.

तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी प्रस्तावात ठिकाणाच्या नावापुढंच लिहावं: ‘तिकीट काढून सर्वांसाठी खुले’. आणि ओळखीतलं कुणी जाऊन आलं असेल तर आधी तिकीट शोधून घ्यावं.

२२ जानेवारीला गेलो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. निपाणी, आजरा, उजाडताना आंबोली, सावंतवाडी. घाटात सात मुलांना उलट्या झाल्या. लिंबं आणि आवळा सुपारी हाताशी ठेवा, डिकीत नको. वारही बघून घ्या, संग्रहालय सोमवारी बंद असतं.

जागा लहान आहे. नुसतं फिरून बघणाऱ्याचं दीड तासात होतं. आम्हाला साडेतीन तास लागले. विमानं उघड्यावर उभी आहेत. समोरच तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन दिसतं. ही विमानं आधी एअर इंडियाकडं प्रवासी नेत होती, मग वायुदलाकडं गेली आणि १९७६ मध्ये समुद्रावर पहारा ठेवायला नौदलाकडं आली. सीलँड आहे, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडं उतरणारं. नौदलाच्या विमानदलाची सुरुवात १९५३ मध्ये ह्याच जातीच्या विमानांनी झाली. सी हॅरियर या लढाऊ विमानाच्या दोन्ही कुशींना इंजिनाचा झोत सोडणारी, फिरणारी नळकांडी आहेत, एकूण चार. आमच्या आठवीतल्या एका मुलानं ती खाली वळल्यावर विमान वर का उचललं जातं ते न्यूटनच्या तिसऱ्या नियमानं सगळ्यांना समजावलं. मी शिकवताना ह्याच पोराला तो नियम तीन वेळा विचारला होता आणि तीन वेळा तो गप्प बसला होता.

सी हॉकपाशी मुलं सगळ्यात जास्त रेंगाळली. पंख जिथं दुमडतो तिथली बिजागरी दिसते, आपल्या घराच्या दाराला असते तशीच, पण मनगटाएवढ्या जाडीची. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख मिटून ठेवायचे. आणि शेपटीखाली तो हुक. आबांनी फळ्यावर काढला होता तसाच. मुलं एकेक करून खाली वाकून बघत होती. एक मुलगी म्हणाली, “एवढ्याशा हुकावर?” कितीही चित्रं काढली तरी हे वर्गात होत नाही.

अलीझेपाशी आल्यावर आबांच्या नातीनं माझ्या फोनवरनं त्यांना फोन लावला. ऑपरेशनला आठ दिवस झाले होते, ते दवाखान्यात कॉटवर होते. स्पीकर लावला.

“पोटाखाली वाक. गोल झाकणागत काय दिसतंय का?”

“दिसतंय आबा.”

“त्येच रडार. उडाल्यावर खाली सोडायचं, उतरायच्या आधी वर वढून घ्यायचं. आता चाकाच्या म्होरं बघ, पंखाला फुगीर हाय त्ये.”

त्या फुगवट्यात सोनोबॉय असायचे, पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकायला. आबा सांगत होते आणि ४१ मुलं विमानाभोवती सरकत होती, ते म्हणतील तिकडं. शेवटी त्यांनी विचारलं, “टायरात हवा हाय का? दाबून बघ.”

“आबा, हात लावू नये असा बोर्ड आहे.”

“बरं. नको लावू.”

थोडा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही.

आत विक्रांत आणि विराट या विमानवाहू जहाजांच्या प्रतिकृती आहेत, बॉम्ब, टॉर्पेडो आहेत. विराटच्या नाकाशी डेक १२ अंशांनी वर चढतो, तो चढ मुलांनी कंपासपेटीतला कोनमापक हवेत धरून मोजायचा प्रयत्न केला. खरी विक्रांत कुठाय, असं त्यांनी विचारलं. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती आणि पुढं भंगारात मोडली गेली, हे सांगताना मला जड गेलं. आबा ज्या डेकवर उभे होते तो डेक आता नाही. तिच्यावरनं उडालेल्या जातीची विमानं तेवढी इथं आहेत. ह्यासाठी तरी तिथं जायला हवं.

उन्हाचं मात्र ध्यानात ठेवा. अकरानंतर आवारात कातडं भाजतं. बाहेरची विमानं आधी बघा, आतलं मागनं. टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या सक्तीच्या करा. आणि मुलांना समुद्राचं आश्वासन दिलं असेल तर बोगमाळोचा किनारा जवळच आहे, पण संग्रहालय झाल्यावरच न्या. आधी नेलंत तर परत यायची नाहीत.

आल्यावर मिरजेला आबांना भेटायला गेले. त्यांना एक तिकीट दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि पुढच्या डिसेंबरातली कुठली तारीख धरायची ते विचारलं. प्रस्ताव मी ऑक्टोबरातच देणार आहे. आबांचं नाव त्यात पालक-सोबती म्हणून पहिलं आहे, आणि पोच घेतल्याशिवाय मी त्या टेबलापासून हलणार नाही.