एमक्यूएल५: स्ट्रक्चर, & आणि रात्रीत आटलेली जोखीम

मेटाट्रेडर ५ या ट्रेडिंग प्रोग्रामवरचा माझा एक्स्पर्ट (एमक्यूएल५ या त्याच्या भाषेत लिहिलेला, आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) डेमो, म्हणजे खोट्या पैशांच्या, खात्यावर चालू होऊन तीन आठवडे झाले. लॉट (सौद्याचा आकार) काढणाऱ्या फंक्शनला आधी शिल्लक, जोखमीची टक्केवारी, स्टॉपचे पिप (तोटा थांबवायच्या पातळीचं अंतर, भावाच्या छोट्या पायऱ्यांत) असे सात पॅरामीटर सुटे द्यायचो. एकदा दोघांची अदलाबदल झाली, पण सगळेच डबल (दशांश संख्यांचा प्रकार) असल्यामुळे कंपायलरने चकार शब्द काढला नाही. म्हणून सगळं एका स्ट्रक्चरमध्ये (अनेक व्हेरिएबलांचा एक गठ्ठा) बांधलं.

पहिलंच कंपाइल अडलं. सी++ मध्ये स्ट्रक्चरची प्रत फंक्शनला देता येते, इथे येत नाही; पॅरामीटरला & लावावाच लागतो. लावला आणि पुढे गेलो. फंक्शनच्या हाती आता मूळ स्ट्रक्चरच जातंय, हे मनात घेतलंच नाही.

हिशेब असा: खातं १,००० डॉलरचं, जोखीम १ टक्का म्हणजे १० डॉलर, युरो-डॉलरवर स्टॉप २० पिप. पूर्ण लॉटला पिपमागे १० डॉलर, म्हणून लॉट ०.०५. फंक्शनमध्ये एक अट होती, स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक) वाढला तर जोखीम निम्मी. न्यूयॉर्कला संध्याकाळचे पाच वाजले की (आपले रात्रीचे अडीच, त्यांच्या हिवाळ्यात साडेतीन) स्प्रेड फुगतो. फंक्शन दर टिकला (भाव हलेल तेव्हा) चालत होतं आणि दर वेळी मूळ आकडाच निम्मा करत होतं: ०.५, ०.२५, ०.१२५ टक्के. तिसऱ्या टिकलाच लॉट ०.००६२५, म्हणजे किमान ०.०१ च्याही खाली! सकाळी सिग्नल आला आणि जर्नलमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) एरर कोड १००१४, चुकीचा व्हॉल्यूम, म्हणजे लॉट. दोन संध्याकाळी मी लॉट गोल करणारी ओळ तपासत बसलो. ती बरोबरच होती. जोखीम प्रिंट केली तेव्हा उलगडा झाला.

आता नुसतं वाचायचं असेल तिथे कॉन्स्ट आणि &. आकडा बदलायला गेलो की कंपायलरच अडवतो. निम्मी जोखीम फंक्शनमधल्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये ठेवतो. नुसता & फक्त भरून हवं असेल तिथे. ऑर्डर पाठवणारं ऑर्डरसेंड हे फंक्शन हेच करतं: रिझल्टचं रिकामं स्ट्रक्चर द्यायचं, ते भरून परत येतं. रिक्वेस्ट (ऑर्डरचा तपशील भरायचं स्ट्रक्चर) मात्र आधी झीरोमेमरीने पुसून घ्या, नाहीतर न भरलेल्या रकान्यांत कचरा असू शकतो. आणि ऑर्डरसेंडने ट्रू दिलं तरी रिझल्टमधला रिटकोड (सर्व्हरच्या उत्तराचा आकडा) बघाच; १०००९ दिसला की सौदा झाला.

सोमवारी बाजार उघडला की हाच एक्स्पर्ट पुन्हा रात्रभर ठेवणार आहे, दर टिकला जोखीम प्रिंट करत.