आठळीचा रकाना

औषधी कंपनीसाठी कच्चा माल तपासणं हे माझं काम. एप्रिल-मे आला की आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात मुक्काम, बाळहिरड्यासाठी.

बाळहिरडा म्हणजे आठळी, म्हणजे आतली कडक बी, धरायच्या आत उतरवलेलं हिरड्याचं कोवळं फळ. झाडावर हिरवं असतं. उन्हात वाळलं की काळं, सुरकुतलेलं आणि दगडासारखं कडक होतं. तेच फळ राहू दिलं तर हिवाळ्यात पिवळसर मोठा हिरडा मिळतो, तो त्रिफळ्यात जातो. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. वाया जातो तो मधला. आठळी लाकडासारखी झालेली असते आणि गर अजून भरलेला नसतो. औषध गरात, आठळीचं नुसतं वजन. पण भाव किलोवर आहे. फळ आणखी थोडे दिवस झाडावर ठेवलं तर गोणी जड होते. याला आमच्या ऑफिसातले लोक लबाडी म्हणतात. भाव आपणच तसा लावलाय, हे कुणी बोलत नाही.

मी खिशात अडकित्ता ठेवतो. चांगला वाळलेला बाळहिरडा फोडला की कट्कन दोन तुकडे होतात आणि आत एकसारखा काळपट, चकचकीत काप दिसतो. ओल असेल तर पातं रुततं, फळ चेपतं. आठळी असेल तर मधोमध फिकट लाकूड दिसतं. यंत्राच्या आकड्याआधी मला हे कळतं, याचा मला अभिमान आहे.

त्या दिवशी दोन माल समोर होते. पहिला एका व्यापाऱ्याचा, खडखडीत वाळलेला, पण दहातल्या सहा फळांत आठळी. दुसरी एका मावशींची एकच गोणी. कातळावर पसरून, रोज संध्याकाळी गोळा करून वाळवलेला माल. शेवटच्या दोन दिवसांत वळवाचा पाऊस आला, म्हणून त्यांनी तो अर्धओला गोणीत भरला आणि आमची खरेदी सुरू व्हायची वाट पाहिली. आम्ही नऊ दिवस उशिरा पोचलो होतो.

"दादा, ह्यात एक आठळी काढून दाखव," त्या म्हणाल्या.

वीस फळं फोडली. एकही निघाली नाही. इतका वेळेवर उतरवलेला हिरडा मी त्या हंगामात दुसरा पाहिला नाही. पण पातं रुतत होतं, आणि सुरकुत्यांमध्ये हिरवट-पांढरी बुरशी होती. पुन्हा वाळवून बुरशी दिसेनाशी होते. तिने विष सोडलं असेल तर ते उन्हानेही जात नाही, उकळूनही नाही. हे माहीत असताना मी ती गोणी घेऊ शकत नव्हतो. नाकारली.

व्यापाऱ्याचा माल पास झाला. ओलावा मर्यादेत, बुरशी नाही, कचरा नाही. आमच्या फॉर्मवर एवढंच विचारतात.

मावशींनी ते पाहिलं होतं. "त्याच्यात आठळी हाय, तरी घेतला?"

मी "हो" म्हणालो. त्यांनी गोणीचं तोंड बांधलं आणि सुनेला हाक मारली.

त्यांना एक ताडपत्री आणि चार दिवस छप्पर मिळालं असतं, तर तो माल हंगामातला सर्वांत चांगला ठरला असता. आम्ही वेळेवर पोचलो असतो, तरी ठरला असता. खरेदी केंद्रावर वाळवणीची शेड हवी, हे मी दोनदा लिहून दिलं. खर्चाचं कारण आलं. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या समासात मी पेनाने लिहितो: 'आठळी, दहात इतकी'. त्या मालावरही लिहिलं होतं, 'दहात सहा'. तो तसाच दळायला गेला.