गव्हाचा चीक आणि मोहाचा धूर

१७ एप्रिल, रात्री साडेदहा

आज पहाटे पावणेपाचला जाग आली ती वासानं. आधी वाटलं शेजारी कोणी पालापाचोळा पेटवला असेल, उठून मागचं दार उघडलं तर अंगणातला कडुलिंब नुसता काळा ठिपका दिसत होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही, सगळं करडं. म्हणजे जंगल पेटलंय कुठेतरी. आमच्या ब्रह्मपुरीत (चंद्रपूर जिल्हा) हे नवीन नाही, मोहाच्या झाडाची फुलं पडायला लागली की मार्च-एप्रिलमध्ये असा वास दोन-चार दिवस येतोच, पण यावर्षी आठवडा झाला तरी हटत नाहीये आणि वरून ऊन असं की दुपारी चार वाजता नळाची तोटी हाताने पकडवत नाही. काल फोनवर ४५ दाखवत होतं. ४५ला पोचलं की हवामान खातं सरळ उष्णतेची लाट म्हणतं, आणि उन्हाळ्यात विदर्भाच्या तापमानाची यादी टीव्हीवर आली की आमच्या गावाचं नाव वरच्या दोन-तीनमध्ये शोधायची पोरांना सवयच झालीय.

खरी पंचाईत कुलरची आहे. ज्यांनी एसीतच उन्हाळे काढले त्यांना हे कळणार नाही म्हणून लिहून ठेवते. कुलर बाहेरची हवा ओढतो, ओल्या ताटीतून आत फेकतो, आणि ती आलेली हवा दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायला पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ भरते, अंग चिकचिक होतं आणि गारवा शून्य. म्हणजे कुलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी पाहिजेच. आणि बाहेर धूर असला की कुलर तोच धूर खेचून आत आणणार. ताटी ओली असली म्हणून काय झालं, मोठी राख अडकते तिच्यात पण धुराचे बारीक कण सरळ आरपार येतात. धाकट्याला लहानपणापासून दमा आहे, रात्री दोन वाजता त्याची छाती वाजायला लागली की माझी झोप तिथेच संपते. डॉक्टरांनी सांगितलंय धूर असेल तेव्हा दारं-खिडक्या बंद, बाहेर जायचं तर एन-९५ मास्क, तोंडाला ओला रुमाल बांधून काही उपयोग नाही. मग काय, परवा रात्री कुलर बंद, खिडक्या बंद, एक टेबलफॅन आणि आम्ही पाच जण घामात. आई (सासूबाई) रात्रभर त्याच्या अंगावरून ओला पंचा फिरवत बसल्या होत्या. मी म्हटलं आई झोपा, तर म्हणाल्या, "मले कुठं झोप लागते वं, लेकराचा श्वास मोजतो मी."

तरी आज गहू भिजवले. दोन पायल्या. दरवर्षी याच आठवड्यात कुरडया होतात आमच्याकडे आणि आईंनी सकाळीच डबा काढून ठेवला होता. मला वाटत होतं धुराचं वातावरण निवळू द्यावं, पण त्या म्हणाल्या गहू कोणासाठी थांबत नाही. तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, आज पहिला दिवस. मोठ्या गंजात (पातेल्यात) हात घालून गहू चोळताना इतकं गार वाटलं की पाच मिनिटं मी हात बाहेरच काढला नाही.

१९ एप्रिल

दोन दिवसात आम्हाला धुराचं टाईमटेबल कळलंय. कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. दुपारी बारा ते पाच हवा सगळ्यात स्वच्छ असते! कारण जमीन तापते, हवा वर उठते, धूर वर वर जाऊन पांगतो. रात्री जमीन गार पडली की तोच धूर खाली येऊन बसतो, पहाटे तर अगदी गुडघ्याएवढ्या उंचीवर थर असतो. म्हणजे जेव्हा ऊन मारतं तेव्हा धूर नाही आणि जेव्हा गारवा येतो तेव्हा धूर. मग आम्ही घराचा दिवसच फिरवून टाकला. दुपारी बारापासून कुलर फुल, दोन्ही खिडक्या उघड्या, पोरं तेव्हाच झोपून घेतात, झोप भरून काढतात. संध्याकाळी सात वाजता मी फरशीवर चार बादल्या पाणी मारते (नळ एक दिवसाआड येतो तरीसुद्धा, एवढं पाणी मी राखून ठेवते), मग सगळं बंद. खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबली आहेत. रात्री उशिरा वारा फिरला तर उघडायचं.

आणि खरं सांगू का, ही दुपार मला आवडायला लागलीय. पूर्वी दुपार म्हणजे भांडी, कपडे, काहीतरी चालूच असायचं. आता बारा वाजता सगळं घर एका खोलीत. अंधार केलेला, कुलरचा तो घरघर आवाज, वाळ्याच्या ताटीचा वास, पहिलं पाणी पडलं की जो येतो ना तो, मातीसारखा पण मातीचा नाही. एका बादलीत टरबूज बुडवून ठेवलेलं. मधेच कोणीतरी उठतं, माठातलं पाणी पितं, वाटी माठावर उपडी ठेवल्याचा टक्क आवाज. माठ यावर्षी नवीन घेतला, कुंभाराकडून निवडताना आईंनी बोटाने वाजवून वाजवून सहा माठ परत ठेवले, सातवा घेतला. पहिले तीन दिवस नुसता पाणी भरून ठेवला, आता असा पाझरतो की खालची वाळू कायम ओली असते, आणि त्या ओल्या वाळूत आईंनी मेथी टाकली होती ती उगवलीय, बोटभर झालीय. काल तीच खुडून वरणात टाकली. मूठभरच होती पण सगळ्यांना पुरली.

जेवणात सध्या जड काही जात नाही कोणाला. रात्रीचा भात ताकात कालवून, वर कच्चा कांदा, आणि तक्कू. कैरी किसायची, कांदा किसायचा, गूळ, तिखट, मीठ, वरून मोहरी-मेथीची चरचरीत फोडणी. पोरगी चमच्याने नुसताच खाते. पन्ह्याची कैरी मात्र आई चुलीच्या निखाऱ्यातच भाजतात, गॅसवर उकडलेली त्यांना चालत नाही, आणि उरलेला गर झोपताना नातवाच्या तळपायाला चोळतात, ऊन उतरतं म्हणून.

दुपारी माझ्या आईचा फोन आला होता. माहेर इथून जवळच आहे, जंगलाला लागून. तिकडे तर धूर डोळ्यात भरतोय म्हणाली. तिचा आवाज बसला होता. आग कशी लागली विचारलं तर गप्प बसली, मग म्हणाली, मोहाखालचीच असेल.

आता यावर लिहायचंच आहे मला, कारण गेले आठ दिवस जो तो मोहवाल्यांना शिव्या घालतोय आणि मी मोह वेचूनच मोठी झालेय. मोहाचं फूल पहाटे गळतं. झाडाखाली पाचोळा असला तर फूल त्यात हरवतं, एकेक शोधत बसावं लागतं, म्हणून लोक आदल्या दिवशी खालचा पाला पेटवतात, जमीन काळी-स्वच्छ होते आणि तिच्यावर पिवळसर फुलं लगेच दिसतात. दुसरं कारण वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड हा सगळा पट्टा वाघाचा, वाकून फुलं वेचणाऱ्या माणसाला पाचोळ्यात झुडपात काय बसलंय ते दिसत नाही, आणि मोह वेचायला गेलेली माणसं परत न आल्याच्या बातम्या आम्ही दरवर्षी वाचतो. पाला जाळला की समोरचं दिसतं. मग मे महिन्यात तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा हंगाम, त्याआधी पण काहीजण आग लावतात, जळलं की झुडपाला नवी कोवळी पानं फुटतात म्हणून. सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे झाले की एक गोणी, त्या पैशावर कित्येकांच्या घरचा पावसाळा निघतो. हे सगळं खरं आहे. पण एका झाडाखालची आग विझवली नाही तर ती रात्रभर सरपटत जाते, वारा मिळाला की टेकडी घेते, आणि मग माझं पोरगं इथे खोलीत धापा टाकतं. हेही खरंच आहे.

माझी आई कधी जाळायची नाही. ती आदल्या संध्याकाळी खराट्याने झाडाखालचं झाडून घ्यायची, पूर्ण गोल, आणि जुनी लुगडी अंथरायची, चारी कोपऱ्यांवर दगड. पहाटे आम्ही बहिणी जायचो तिच्यासोबत, आणि अंधारात नुसता आवाज यायचा, टप... टप टप... टप. लुगड्यावर पडणारी फुलं. जाड, रसाळ, द्राक्षासारखी, आणि वास असा गोड की डोकं जड व्हायचं. लुगड्याचे चार पदर धरून उचललं की झालं, ना धूळ ना राख. आता वनखात्याची माणसंही गावागावात हेच सांगतात, जाळू नका, झाडून घ्या, जाळी अंथरा. त्यांना आता उपग्रहावरून मोबाईलवर कळतं कुठे आग लागली ते, पण तिथे पोचून झाडाच्या हिरव्या फांद्यांनी आणि पानं उडवायच्या मशीनने आग विझवायची ती माणसानेच, तीही या उन्हात. आईला म्हटलं तू सांग ना गावात बायकांना. म्हणाली, सांगतो तर, पण त्यायच्याकडं झाडं पंधरा न् हात दोन. याला मी काय उत्तर देणार होते.

२१ एप्रिल

आज कुरडया झाल्या!

काल संध्याकाळी गहू वाटला, गाळला, चीक रात्रभर बसायला ठेवला. पहाटे चारला मी आणि आई उठलो. धूर होताच, म्हणून अंगणातली मोठी चूल सोडून आतच गॅसवर मोठा गंज चढवला. वरचं पिवळं पाणी हळूच ओतून टाकलं, तळाशी पांढराशुभ्र चीक, बोट रुतवलं तर रुततं आणि काढलं की खड्डा आपोआप भरतो. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ, हिंग, उकळी आली की एकीने धार सोडायची आणि दुसरीने दांड्याने फिरवत राहायचं, थांबायचं नाही, थांबलं की गाठ. माझे खांदे भरून आले. पांढरा रंग जाऊन हळूहळू काचेसारखी चमक येते तेव्हा समजायचं शिजला.

आणि मग ती वाटी. पहिली वाटी पोरांची, हा नियम माझ्या सासरी पण आहे आणि माहेरी पण होता. गरम चीक, वर दूध आणि साखर. धाकट्याला झोपेतून उठवलं, तो डोळे मिटूनच खात होता, फुंकर मारायची सुद्धा आठवण नाही, ओठाला चटका बसला तरी पुढचा घास. पोरीला तेल-तिखट लागतं वरून. आईंनी स्वतःची वाटी शेवटी घेतली, गंजाच्या कडेचा खरवडलेला चीक, आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्या खाल्ला. पंखा बंद होता, घाम गळत होता, बाहेर धूर होता आणि आम्ही पाचही जण स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभे, कोणी बोलत नव्हतं, नुसता वाट्यांचा आवाज.

कुरडया घालायला मात्र साडेआठ वाजेपर्यंत थांबावं लागलं, एरवी सहालाच स्लॅबवर जातो आम्ही. तोपर्यंत चीक घट्ट व्हायला लागला, सोऱ्या दाबता दाबेना, शेवटी यांना ऑफिसला जायच्या आधी बोलावलं आणि त्यांनी अर्ध्या दाबून दिल्या. प्लास्टिकवर पांढऱ्या पांढऱ्या ओळी. वर मलमलचा कपडा ताणून बांधला कारण काल कपड्यांवर जळक्या पानाचे काळे तुकडे येऊन पडले होते. एक पान तर अख्खंच होतं, सागाचं, जळून कागदासारखं झालेलं, सगळ्या शिरा जशाच्या तशा. हातात घेतलं आणि भुगा झाला. किती लांबून आलं असेल ते.

दुपारी पाचपर्यंत कुरडया कडकडीत. ४५च्या उन्हाचा एवढा तरी फायदा, एका दिवसात वाळून उचलल्या. मलमलीवर राखेचे कण होते, खाली एकही नाही. दोन डबे भरले, एक डबा माहेरी जाईल, आईला सांगणार आहे की तुमच्याकडची राख आम्ही कापडावरच थांबवली.

रात्री साडेअकरा

वारा फिरला. आधी कळलंच नाही, मग खिडकीतली लुगडी हलली म्हणून मी दार उघडलं तर लिंब पूर्ण दिसला, पानं सुद्धा, आणि मागे चांदण्या. कितीतरी दिवसांनी. यांना उठवलं, गाद्या स्लॅबवर नेल्या, सिमेंट अजून गरम होतं म्हणून तीन बादल्या पाणी ओतलं, ते चर्र करून सुकलं, परत दोन ओतल्या. पोरांना उचलून वर आणलं. आई एरवी गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, आज कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या आणि नातवाच्या बाजूला आडव्या झाल्या.

हे मोबाईलच्या उजेडात लिहितेय. धाकट्याच्या छातीवर हात ठेवलाय, वाजत नाहीये. वडसा-नागभीड लाईनवरच्या गाडीचा आवाज इथपर्यंत येतोय. पोरगी अजून जागीच आहे, विचारतेय उद्या उठल्यावर चीक परत मिळेल का. थोडा झाकून ठेवलाय मी तिच्यासाठी, फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात.