तुम्ही विचारलंत म्हणून : गडावर मी दगडाला हात का लावत नाही

प्रश्न एकच आहे, विचारणारे बदलतात. "ताई, तुम्ही दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर जाता, ढासळलेल्या बुरुजांचे फोटो काढता, हळहळता; मग रविवारी गडाच्या साफसफाई-डागडुजीच्या मोहिमेत घमेले उचलायला का येत नाही? नुसते बघून काय होते?" पायथ्याच्या गावात चहा घेताना हे विचारले गेले आहे, फोनवर विचारले गेले आहे, आणि मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीच्या वयाच्या एका मुलीने, डोक्यावर मातीचे घमेले असताना, धापा टाकत विचारले. तिला मी गुडघा दुखतो असे सांगितले. ते खरे नव्हते. माझे गुडघे अजून राजगडाचा चोर दरवाजा न थांबता चढतात.

आधी 'नुसते बघण्या'विषयी सांगते, कारण तो शब्द मला लागतो. पडक्या दरवाजात उभे राहून दोन्ही बाजूंच्या भिंती हाताने चाचपल्या, तर अडसराची, म्हणजे दार आतून बंद करायच्या आडव्या लाकडाची, भोके सापडतात. एक वीतभर खोल असते, समोरचे इतके खोल की पूर्ण हात आत जातो. दार उघडे असताना अख्खा अडसर त्या खोल भोकात सरकवून ठेवत आणि दार लावले की ओढून समोरच्या उथळ भोकात टेकवत. शेकडो वेळा लाकूड घासून त्या भोकाची खालची कड गुळगुळीत झालेली असते आणि वरची अजून खरबरीत असते. गडावरचे पाण्याचे टाके आणि जवळची तटबंदी अनेकदा एकाच कातळाची असते, कारण टाके खोदताना निघालेला दगड तटाला वापरला जाई. म्हणजे टाक्याची खोली पाहिली की तटाला किती दगड मिळाला असेल याचा अंदाज येतो. हे कळायला वेळ द्यावा लागतो, आणि दगड जिथे आहे तिथेच असावा लागतो.

तरीही मान्य करते की हे उत्तर पुरेसे नाही. बघण्याची आवड असलेली माणसे कामही करतात. मीही करत होते.

नऊ वर्षे मी मोहिमांना गेले. साबरकांड तोडले, प्लॅस्टिकची पोती भरून खाली आणली, मातीखाली गेलेल्या पायऱ्या मोकळ्या केल्या. एका गडावर आम्ही बावीस पायऱ्या उघड्या केल्या तेव्हा खालच्या वाडीतली एक म्हातारी मुद्दाम वर येऊन त्यांवरून चालून गेली होती. त्या दिवसांची मला लाज वाटत नाही, आणि तेव्हाच्या मला आज कोणी मूर्ख म्हटले तर मी भांडेन.

पण पुढच्याच वर्षी एका लहान गडावर, दरवाजाच्या पडझडीत, आम्हाला एक पालथा दगड मिळाला. गडाचे नाव सांगत नाही. त्या दगडावर आणखी कोणी प्रयोग करू नयेत एवढीच इच्छा आहे. सहा जणांनी पहारी लावून तो उलटला. त्यावर देवनागरी लेख होता, चार ओळींचा. पहिल्या ओळीत 'श्री' स्पष्ट, दुसरीत 'शके', पुढे आकडे, आणि त्यापुढचा भाग दगडफुलाने झाकलेला. सगळे ओरडले, कोणीतरी घोषणा दिली. अंगावर काटा आला होता, तो आजही येतो. मी मोबाइलवर एक फोटो काढला. वेळ भर दुपारची, ऊन डोक्यावर, अक्षरांना सावलीच नाही. शिवाय दगडाच्या उजव्या कोपऱ्यावर माझीच सावली पडलेली.

मग मी पिशवीतून तारेचा ब्रश काढला. कोणी सांगितले नव्हते, मीच काढला. दगडफूल निघत नव्हते म्हणून पाणी ओतून जोर लावला. त्याबरोबर दगडाच्या पातळ खपल्याही निघत होत्या, आणि मला वाटत होते की मळ निघतो आहे. बेसाल्ट कठीण खरा, पण पिढ्यान्‌पिढ्या ऊनपाऊस खाल्लेला त्याचा पृष्ठभाग कठीण राहत नाही. अर्ध्या तासाने दगड 'स्वच्छ' झाला. गावातून पांढरा ऑइल पेंट आणला होता, तो बारीक कुंचल्याने मी अक्षरांत भरला. शकाचा तिसरा आकडा झिजला होता. मला तो सहा वाटला, मी सहा भरला. शके १६६०. फोटो सगळीकडे गेला. गावाने दगडाला हार घातला.

चार महिन्यांनी, शिलालेख वाचण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा एका वृद्ध गृहस्थांकडे मी तो फोटो अभिमानाने घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि सांगितले, "हा सहा तुम्ही काढलेला आहे. रंगाखालचा मला दिसत नाही. नऊही असू शकतो." सहा असेल तर इसवी सन १७३८ च्या आसपास, नऊ असेल तर १७६८. एवढ्या काळात गडावरची शिबंदी बदलते, मालक बदलतो. मग ते म्हणाले की त्याची काळजी नाही, शकाच्या पुढे संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव, असणारच. १६६० असेल तर कालयुक्त आणि १६९० असेल तर सर्वधारी, नुसते पहिले अक्षर मिळाले तरी निकाल लागेल. मी फोटो मोठा केला. आकड्यांनंतर मोकळी, खरवडलेली जागा होती आणि तिच्या पुढे 'नाम संवत्सरे'.

"घासण्याआधीचा फोटो आहे का?" त्यांनी विचारले.

तोच तो भर दुपारचा फोटो. नेमका तो भाग दगडफुलाखाली आणि माझ्या सावलीत. त्यांनी मला एक शब्दही लागेलसे म्हटले नाही. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात नुसते बसून राहिले असते तरी अक्षरे उठून दिसली असती, ओल्या कागदाचा ठसा घेता आला असता, एवढे समजावून सांगितले आणि चहा दिला. मी अनेक रात्री आठवायचा प्रयत्न केला आहे की ब्रशाखाली पहिले अक्षर 'क' होते की 'स'. कधी 'क' आठवतो, कधी 'स'. त्या आठवणीवर मी स्वतःच विश्वास ठेवत नाही.

यावर मला सांगितले जाते की आता तसे राहिलेले नाही. हे बहुतांशी खरे आहे. आजच्या कितीतरी मंडळांत परवानगी घेऊन काम होते, प्रत्येक दगडाची जागा टिपली जाते, सिमेंट न वापरता चुन्याचा घाणा फिरवला जातो. सिमेंट पाणी आत कोंडून धरते आणि शेजारचा दगड पोखरते, हे वीस वर्षांच्या मुलांनाही ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आपले बारा किल्ले गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण त्या बारांना केंद्राचे किंवा राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. बाकीच्या शेकडो लहान गडांपैकी बहुतेकांना संरक्षित स्मारकाचा दर्जाच नाही. तिथे 'आपण नाही केले तर कोण करणार' हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. कधी वाटते की माझे हात मागे घेणे गडाच्या हिताचे आहे. कधी वाटते की ते फक्त माझ्या मनाच्या शांतीसाठी आहे, आणि त्याची किंमत गड देतो आहे.

कारण न करण्यानेही नुकसान होते, ते मी डोळ्यांनी पाहते आहे. जिथे तो लेख घासला त्याच गडाच्या उत्तरेच्या बुरुजात एक पिंपळ रुजला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुळाने पाडलेल्या भेगेत रुपयाचे नाणे जेमतेम शिरत होते. या उन्हाळ्यात माझी मूठ गेली. मूळ उपटले तर त्याने कवटाळलेले दगड सोबत येतील, नुसते छाटले तर पावसात पुन्हा फुटेल. ते औषध लावून, थोडेथोडे, जाणत्याच्या देखरेखीखाली मारावे लागते. मी दोन अर्ज केले आहेत, फोटो आणि मापे जोडून. पोच मिळाली आहे. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा वरच्या थरातला एक दगड घरंगळून खालच्या कारवीत पडला होता. तो कुठून निसटला ते टिपून ठेवले, आणि त्याला तिथेच राहू दिला.

त्या मुलीचा परवा पुन्हा फोन आला. त्यांचे मंडळ दिवाळीनंतर त्याच बुरुजावर जाणार आहे, परवानगीसाठी कागद दिले आहेत, आणि माझ्याकडची तीन वर्षांची मापे त्यांना हवी आहेत. मापे मी त्याच रात्री पाठवली. "आणि तुम्ही?" असे तिने विचारले आहे. तिला मी अजून हो म्हटलेले नाही, आणि या वेळी गुडघ्याचे कारणही दिलेले नाही.