नाताळातलं शिळं मटण

मराठी घरात पाहुण्यासमोर थंड पदार्थ ठेवला तर तो तोंडावर काही बोलत नाही, पण घरी गेल्यावर नक्की बोलतो. पोळी तव्यावरून ताटात यावी, भजी कढईतून यावीत, वरणाला वाफ असावी. शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं खातात, पण ते श्रावणात एकदाच, आणि तेही देवीच्या धाकानं. अशा मुलखात, वसईच्या केळीच्या वाड्यांमधल्या आमच्या घरी, नाताळला सगळ्यात आधी जी ताटली फिरते तिच्यात फ्रीजमधून काढलेलं गार डुकराचं मटण असतं. गोल, पातळ चकत्या, मधे मसाल्याचं तांबूस वेटोळं.

याचं मूळ बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाकडे जातं. डेन्मार्कला त्यानं हा प्रकार खाल्ला आणि घरी येऊन तो इतक्या तपशिलानं सांगितला की करून बघण्यावाचून इलाज उरला नाही. तिकडे याला रुलेपोल्सा म्हणतात. पोटाकडच्या मटणाचा चपटा तुकडा घ्यायचा, त्यावर मीठ, मिरी, ऑलस्पाइस, कांदा आणि पार्सली पसरायची, गुंडाळून दोऱ्यानं बांधायचा, काही दिवस मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग उकडायचा आणि गरम आहे तोवर स्क्रूच्या लाकडी दाबणीत आवळून थंड करायचा. चकत्या राईच्या काळ्या पावावर, लोण्याबरोबर.

आमच्याकडे त्यात पार्सली जाऊन बाटली मसाला आला. उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि बाकीचा लवाजमा वाळवून, भाजून, कुटून तपकिरी बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायची इथली जुनी रीत. काच गडद, त्यामुळे उजेड लागत नाही आणि रंग वर्षभर टिकतो. मसाल्याबरोबर ठेचलेला लसूण, मिरी, दालचिनीची पूड आणि ताडीचं व्हिनेगर. लसूण-व्हिनेगरची ही जोडी काही मी शोधलेली नाही. 1534 ते 1739 वसई पोर्तुगीजांकडे होती, आणि वाईन-लसणात मटण मुरवायची त्यांची पद्धत या किनाऱ्यावर येऊन वाईनच्या जागी ताडीचं व्हिनेगर घेऊन बसली. मुरवायचं कशासाठी, तर टिकावं म्हणून. आमचं इंद्याळसुद्धा, म्हणजे व्हिनेगरमधलं तिखट मटण, केल्या दिवशी नुसतं तिखट लागतं, खरी चव तिसऱ्या दिवशी. म्हणजे आमच्या सणाचं मटण आधीपासून शिळंच होतं, फक्त ते गरम करून वाढायचो म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

खाटकाकडून पोटाचा पट्टा हाड काढून, साल ठेवून आणायचा. मीठ अंदाजानं घालू नये, ही माझी एकच सक्ती. किलोभर मटणाला 25 ते 30 ग्रॅम, तराजूवर मोजून. मटणाचा रंग गुलाबी राहावा म्हणून काहीजण चिमूटभर सोरा घालतात. मी घालत नाही. तो नेमका मोजावा लागतो, जास्त झाला तर घातक, आणि करड्या रंगाच्या चकतीनं आजवर कोणाचं जेवण अडलेलं नाही.

गुंडाळणं मात्र शेजारच्या काकूंकडून शिकलो. गणपतीत त्यांच्या अळूवड्या बघाव्यात, एकही वडी तळताना उलगडत नाही. डुकराला त्या हात लावणार नाहीत, पण कुंपणापलीकडून सूचना करायला कोणाची हरकत? "पहिला वेढा आवळ रे, मागचे आपोआप येतात," हे त्यांचं शास्त्र, आणि अळूच्या पानांइतकंच ते मटणालाही लागू पडतं. साल बाहेर राहील असा रोल करायचा. दोरा सुती घ्यायचा, आधी मधोमध बांधायचा, मग दोन्ही टोकांकडे सरकत जायचं. टोकापासून सुरुवात केली की मसाला दुसऱ्या टोकानं बाहेर पडतो.

चार-पाच दिवस फ्रीजमध्ये मुरल्यावर तो बुडेल एवढ्या पाण्यात उकडायचा. पाणी खळखळू द्यायचं नाही, नुसते बुडबुडे येत राहावेत, दोन तास तरी. सालीतलं कोलॅजन मंद आचेवर विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि ते थंड झालं की थिजतं. चकती एकसंध राहते ती त्याच्या जोरावर. गरम असताना सुरी लावली तर हाती चुरा येतो, त्यामुळे थंड खाण्यात फॅशन कसली, दुसरा मार्गच नाही. लाकडी दाबणी आमच्याकडे नाही. परातीत रोल ठेवून वर ताट, आणि ताटावर पाटा. मिक्सर आल्यापासून त्या पाट्याला घरात दुसरं काम नव्हतं.

या पदार्थावर माझा जीव आहे त्याचं खरं कारण चव नाही. नाताळच्या सकाळी आमच्या आईला मी बसलेलं पाहिलेलं नाही. रात्रीच्या मिस्सेवरून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेवरून यायचं, जरा पाठ टेकायची की लगेच फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, कढई चढायची. फुगे गरमच हवेत, त्यामुळे माणसं बाहेर खातायत आणि ती आत तळतेय. रोल आदल्या दिवशीच तयार असतो. पाहुणा दारात आला की सुरी घ्यायची आणि गप्पा मारता मारता कापायचं. आता आई पाहुण्यांत बसून ताटली पुढे करते आणि "थंडच खायचं असतं हं ते," असं जरा जास्तच ठसक्यात सांगते.

चकती किती जाड, यावरून वाद आहे. आत्याला पातळ चकती म्हणजे सरळ चिक्कूपणा वाटतो. पण गार चरबीची जाड चकती जिभेवर मेणासारखी बसते, म्हणून मी पातळच कापतो आणि आत्याच्या ताटात दोन जास्त घालतो. बरोबर फुगे, उभा चिरलेला कांदा, लिंबू. लोणी नको, चरबी आहे तेवढी पुरे.

रोलची दोन्ही टोकं वेडीवाकडी असतात, ती पाहुण्यांना दाखवायची नाहीत. दुसऱ्या दिवशी तव्यावर टाकून, स्वतःच्याच चरबीत कुरकुरीत करून, वर अंडं फोडायचं. आणि उकडलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात वाल शिजवा, फक्त वरून मीठ घालू नका.