तलवार की आग

पाखंडी ठरवलेल्या सर्व्हेटस या धर्मविचारकाला जाळू नका, तलवारीने मारा, अशी विनंती जिनिव्हाचा प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन याने केली होती. दिवसभर हेच डोक्यातून जात नाहीये. जिनिव्हाच्या कौन्सिलने ती मानली नाही आणि २७ ऑक्टोबर १५५३ ला शहराबाहेर शँपेलला त्याला त्याच्या पुस्तकासकट जिवंत जाळलं. ही विनंती लोक कॅल्व्हिनच्या बाजूने सांगतात, त्याची दया म्हणून. मला तिचाच जास्त त्रास होतो. म्हणजे हा माणूस मेला पाहिजे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. शंका फक्त कसा, एवढीच.

आणि हा कॅल्व्हिन कोण? छळाच्या भीतीने फ्रान्स सोडून आलेला. आपल्या लोकांना जाळू नका म्हणून ज्याने राजाच्या नावे ग्रंथ अर्पण केला. बाविसाव्या वर्षी ज्याचं पहिलं पुस्तक छापलं, तेही सेनेकाच्या दयेवरच्या ग्रंथावरचं भाष्य! मग दया कुठे गेली?

पाळकसाहेबांचा फोन आला होता. धर्मसुधारणेच्या रविवारी, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळीच्या आठवणीच्या दिवशी, मी मुलांना हे सांगणार होते, ते नको म्हणाले. ‘काळच तसा होता, बेटा.’ प्रेमाने म्हणाले, म्हणून जास्त लागलं. मंडळीत प्रश्न विचारला की आपणच आगाऊ. पप्पांच्या वेळचं ते सगळं आता काढत नाही. पण दुपारी रडले, हे खरं.

काळ तसा होता, हे अर्धं मान्य. सर्व्हेटस त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे नाकारत होता, बाळांच्या बाप्तिस्म्याला विरोध करत होता. फ्रान्समध्ये व्हिएनला कॅथलिकांनीही त्याला धरलं होतं. तो तुरुंगातून निसटला, तर त्यांनी त्याचा पुतळा जाळला. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्यांचं या एका गोष्टीवर एकमत! व्हिएनच्या खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून ठेवलेली पत्रंही जिनिव्हातूनच गेली होती. ज्या पुस्तकासाठी मेला, त्यातच त्याने लिहून ठेवलंय की रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डावीकडे जातं. वैद्य होता ना.

पण कास्तेल्यो हा विद्वान? तोही त्याच काळातला. कॅल्व्हिननेच त्याला जिनिव्हाच्या शाळेत नेमलं होतं. पुढे पटेना, म्हणून स्वित्झर्लंडमधल्याच बाझल शहरात गेला, तिथे वर्षानुवर्षं गरिबी भोगली. १५५४ मध्ये त्याने टोपणनावाने एक संग्रह काढला. पाखंड्यांना मारू नये म्हणणाऱ्यांची वचनं त्यात गोळा केली. धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरची, आणि खुद्द कॅल्व्हिनची जुनीसुद्धा. मग दुसऱ्या पुस्तकात सरळ लिहिलं, माणूस मारल्याने सिद्धांताचं रक्षण होत नाही, माणूस मरतो. ते पुस्तक छापून यायला १६१२ उजाडलं. तो १५६३ मध्येच गेला होता.

त्याला दिसलं, मग काळाला दोष कसा देऊ? रात्री जेवतानाही हेच चाललं होतं. हे म्हणाले, आता पुरे.

पण कॅल्व्हिनला टाकून देता येत नाही. स्तोत्रं साऱ्या मंडळीने आपल्या भाषेत गावीत, हा आग्रह त्याचा. आजीला एकही अक्षर वाचता येत नव्हतं, पण स्तोत्रं तोंडपाठ होती. त्याचं देणं माझ्या घरात आहे. शँपेलला १९०३ मध्ये दगड बसवला तोही कॅल्व्हिनच्याच अनुयायांनी. स्वतःला त्याचे कृतज्ञ पुत्र म्हणवून त्यांनी त्याच दगडावर त्याच्या चुकीचा निषेध कोरला. चूक त्याच्या शतकाची होती, असंही लिहिलं. तेवढं मला पटत नाही. बाकी दगड पटतो.

पाळकसाहेबांवरचा राग उतरलाय. त्यांना मंडळी सांभाळायची असते. उद्या फोन करून सांगेन, सर्व्हेटस नको तर नको, मी मुलांना कास्तेल्योबद्दल सांगते. मग त्याने पुस्तक कशावरून लिहिलं, हे मुलं विचारणारच.